निर्मलाताई हसतमुख नव्हत्या

शोकसभेत जे कोणी बोललं, त्या प्रत्येकानं निर्मलाताईंना हसतमुख म्हटलं. हसतमुख, सेवाभावी, मितभाषी. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकत होतो आणि माझ्या हातातली गुलाबाची पाकळी मी कधी चुरगाळून टाकली ते मला कळलं नाही. निर्मला भोये हसतमुख नव्हत्या. त्या चिडक्या होत्या, हट्टी होत्या, समोरचा चुकतोय हे दिसल्यावर त्याच्या वयाकडे किंवा खुर्चीकडे न बघता बोलणाऱ्या होत्या. आणि मितभाषी तर मुळीच नव्हत्या... त्यांना गप्प केलं गेलं होतं, ही वेगळी गोष्ट आहे. ज्या धर्मादाय नेत्ररुग्णालयानं त्यांना बऱ्याच वर्षांपूर्वी यंत्राच्या खोलीतून उठवून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं, त्याच रुग्णालयाच्या सभागृहात त्यांच्या फोटोला झेंडूचा हार घातला होता. फोटोही त्यांचा म्हणावा असा नव्हता. कुठल्याशा समूहचित्रातून कापून मोठा केलेला, धूसर. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांना स्पष्ट दिसावं म्हणून जिवाचा आटापिटा केला, तिचा साधा स्वच्छ फोटो शोधायची तसदी कोणी घेतली नव्हती. शेवटी सूत्रसंचालकांनी विचारलं, "आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" मला बोलायचं होतं. मी उठलो नाही. त्याही दिवशी उठलो नाही... म्हणून हे लिहितो आहे.

बातमी मला पंचवटीतल्या चष्म्याच्या दुकानाचे मालक देवरे यांनी फोनवर दिली. "डॉक्टर, आमच्या निर्मलाबाई गेल्या," एवढंच आधी म्हणाले. रविवारची सकाळ होती. सुरगाण्याच्या बसची वाट बघत ताई एसटी स्टँडवर उभ्या होत्या, तिथेच कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. लोकांनी रिक्षात घालून सिव्हिलला नेलं, पण नेईपर्यंत सगळं संपलेलं होतं. वय पन्नासही नव्हतं.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. एम.एस. होऊन मी नुकताच त्या रुग्णालयात सर्जन म्हणून लागलो होतो आणि नव्या डॉक्टरला असतो तेवढा सगळा गर्व मला होता. निर्मलाताई माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या, आश्रमशाळेत शिकलेल्या, मग नाशिकला येऊन नेत्रतंत्रज्ञाचा अभ्यासक्रम केलेल्या. तळमजल्याच्या टोकाला एक अंधारी खोली होती, तिथे त्यांचं राज्य होतं. खोलीत केरॅटोमीटर होता. डोळ्याच्या काळ्या भागावर जी पारदर्शक काच असते, तिची गोलाई मोजायचं हे यंत्र. पेशंटनं हनुवटी टेकवायची, समोर बघायचं. यंत्रातली प्रकाशाची वर्तुळं त्याच्या डोळ्यावर उमटतात आणि तपासणारा ती एकमेकांशी जुळवून आकडा वाचतो. मोतीबिंदू काढून आत कृत्रिम भिंग बसवायचं तर किती नंबरचं बसवायचं, हे या आकड्यावर आणि डोळ्याच्या लांबीवर ठरतं. काम बघायला सोपं, करायला वैताग आणणारं. म्हातारी माणसं हलतात, डोळ्यात पाणी येतं, वर्तुळं पळतात. ताई प्रत्येक डोळ्याचं माप तीनदा घ्यायच्या. तीन आकडे जुळले नाहीत तर चौथ्यांदा. बाहेर रांग कुरकुर करायची, मीही करायचो. एकदा मी दारातूनच म्हणालो, "निर्मलाताई, जरा आटपा." त्यांनी यंत्रातून डोळाही न काढता उत्तर दिलं, "डॉक्टर, तुम्हाला घाई असेल तर माप न घेता टाका भिंग. मात्र केसपेपरवर तसं लिहा आणि सही करा."

ही नुसती बोलायची गोष्ट नव्हती, कारण माप न घेता भिंग टाकणं तेव्हा आमच्या शिबिरांत सर्रास चालू होतं. त्याआधी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की माणसाला बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळायचा. आता आत भिंग बसवायची पद्धत आली होती आणि आमच्या रुग्णालयाचे प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणायचो, त्यांनी ती गावोगावच्या शिबिरांत नेली. हे काम मोठंच होतं, मी ते नाकारत नाही. पण शिबिराला यंत्रं नेली जात नसत. जीपमध्ये जागा नाही, रस्ते खराब, वेळ नाही. सगळ्यांना सरासरी धरून एकाच नंबरचं भिंग. नामपूरच्या शिबिरात कांदा मार्केटमध्ये उभं आयुष्य पोती वाहिलेल्या एका म्हाताऱ्या हमालाचं ऑपरेशन मीच केलं होतं. टाका सुरेख, डोळा शांत, मी खूश. महिन्यानं तो नाशिकला तपासणीला आला आणि म्हणाला, "माले धुरकट दिखस." मी म्हटलं, सवय होईल. निर्मलाताई त्याचा हात धरून त्याला खोलीत घेऊन गेल्या, माप घेतलं, आणि केसपेपर आणून भर ओपीडीत मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवला.

"सर, यांच्या डोळ्यात दुसऱ्याच कोणाचं तरी भिंग आहे."

मोठे सर हसले. "निर्मला, हा माणूस नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आला होता. आज एकटा चालत आलाय. आणखी काय पाहिजे?"

"याला धान्य निवडता यायला पाहिजे, सर. रस्त्यावरचा दगड दिसायला पाहिजे. शिंपीसुद्धा माप घेतल्याशिवाय कात्री लावत नाही."

गरिबाला जे काही मिळेल ते आधीपेक्षा बरंच की... हा युक्तिवाद मी पुढे किती जणांच्या तोंडून ऐकला याची मोजदाद नाही. त्या दिवशी मला तो पटलेला होता, हे सांगायला मला आज लाज वाटते. ताईंना तो कधीच पटला नाही. पुढच्या शिबिराच्या सकाळी त्या जीपमध्ये आधीच येऊन बसल्या होत्या. केरॅटोमीटर सुटा करून दोन गोधड्यांत गुंडाळलेला आणि मांडीवर घेतलेला, डोळ्याची लांबी मोजायचं छोटं यंत्र पायाशी. "जागा नाही ना? मग हा माझ्या मांडीवर राहील," म्हणाल्या. सटाण्यापर्यंतच्या त्या रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला त्या यंत्राला पोटाशी धरत होत्या. त्या शिबिरानंतर धुरकट दिसल्याच्या तक्रारी कमी झाल्या, आणि मोठ्या सरांनी पुढच्या अहवालात लिहिलं की शिबिरात माप घेण्याची पद्धत त्यांनी सुरू केली.

ताईंना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष दुसरीकडे लागलं होतं. पेठ-सुरगाण्याकडून येणाऱ्या बायकांचं माप घेताना यंत्रातली वर्तुळं गोल दिसत नसत, ओढल्यासारखी वेडीवाकडी दिसत. कारण उघड होतं. त्यांच्या डोळ्यांवर नाकाच्या बाजूनं मांस वाढत आलेलं असायचं, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून काळ्यावर सरकणारं, पंखासारखं. आम्ही त्याला टेरिजियम म्हणतो. ते डोळ्याची काच ओढून धरतं आणि तिची गोलाई बिघडवतं. उन्हात आणि धुळीत राबणाऱ्यांना होतो हा आजार, असं पुस्तकात दिलेलं होतं, आम्ही वाचलेलं होतं आणि विसरलेलो होतो. ताईंनी एक रजिस्टर घातलं. शाळकरी लाल पुठ्ठ्याचं. नाव, गाव, वय, दोन्ही डोळ्यांचं माप, मांस किती वाढलंय. आणि त्यापुढे स्वतःच्या मनानं आखलेले रकाने. काम काय? आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, किती दिवस जाते? द्राक्षाच्या मांडवाखाली की उघड्यावर? डोक्यावर काय, पदर, इरलं, टोपी, काही नाही? कितव्या वर्षापासून? हे प्रश्न त्या त्यांच्याच बोलीत विचारायच्या, त्यामुळे बायका खरं सांगायच्या. मी विचारलं असतं तर "घरकाम" एवढंच सांगितलं असतं. आमच्या केसपेपरवर त्या सगळ्या बायकांच्या नावापुढे व्यवसाय म्हणून "घरकाम" लिहिलेलं होतं... दिवसभर कमरेत वाकून उन्हात उभं असणाऱ्या बायकांच्या नावापुढे!

एके दिवशी दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. "डॉक्टर, हे मांस नाकाच्याच बाजूनं का वाढतं? ऊन तर वरून येतं." मी काहीतरी ठोकून दिलं. त्यांनी दार लावलं, आरशासमोर बसल्या, पेनएवढी टॉर्च घेतली आणि कानशिलाकडून, अगदी बाजूनं, स्वतःच्या डोळ्यावर धरली. "आता नाकाकडच्या कडेला बघा." मी बघितलं. काळ्याच्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर, नाकाच्या बाजूला, बरोबर जिथून ते मांस उगवतं तिथे, एक लख्ख ठिपका चमकत होता. बाजूनं आलेला उजेड डोळ्याची काच गोळा करून पलीकडच्या कडेवर टाकत होती, लहानपणी भिंगानं कागद जाळतात तसा. "म्हणजे टोपी घालून उपयोग नाही," ताई म्हणाल्या, "पदर घेऊन उपयोग नाही. ऊन बाजूनं शिरतं." मी नंतर लायब्ररीत शोधलं. परदेशातल्या संशोधकांनी हे आधीच मांडलेलं होतं. ते मी ताईंना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "बघा, म्हणजे बरोबर आहे!" दुसऱ्या कोणाला आधी सुचलं याचं दुःख त्यांना शिवलंसुद्धा नाही. असा माणूस संशोधक असतो. मला पदव्या होत्या, मी संशोधक नव्हतो.

लाल रजिस्टरं भरत गेली. मग मोठ्या सरांना एका परिषदेचं निमंत्रण आलं आणि त्यांनी ती मागवून घेतली. शोधनिबंध मी लिहिला. इंग्रजी माझं बरं होतं. पहिलं नाव मोठ्या सरांचं, दुसरं माझं. शेवटी बारीक अक्षरात रुग्णालयाच्या तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार. मी सरांना विचारलं होतं, अगदीच विचारलं नाही असं नाही, की निर्मलाताईंचं नाव घालू या का. ते म्हणाले, "अरे, ती डॉक्टर नाही. परिषदेत विचारतील, ही कोण?" आणि मी... मान डोलावली. ताईंनी छापील प्रत बघितली, पहिलं पान, शेवटचं पान. मला म्हणाल्या, "तांत्रिक कर्मचारी म्हणजे मीच का? की जनरेटर चालवणारे पण?" मी म्हटलं, ताई, महत्त्वाचं काम पुढे गेलं ना. त्यांनी प्रत मिटली. "हो. काम पुढे गेलं. आता चष्मे आणा."

चष्मे आले, पण ते असे आले. निबंधाचं कौतुक झालं, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि एका देणगीदार मंडळानं ठरवलं की आदिवासी भागातल्या स्त्रियांना उन्हापासून संरक्षणासाठी गॉगल वाटायचे. खोकी आली. चकचकीत काळे, सपाट काचांचे, बाजूनं उघडे गॉगल; जत्रेत मिळतात तसले. ताईंनी एक उचलला आणि तो उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या कॅश काउंटरवरचा नोटा तपासायचा निळा दिवा मागून अंधाऱ्या खोलीत घेऊन गेल्या आणि मला हाक मारली. या दिव्यातून अतिनील किरण निघतात, म्हणजे उन्हातला तोच भाग, जो डोळ्याला दिसत नाही पण डोळ्याची वाट लावतो. धुण्याच्या पावडरीनं धुतलेला पांढरा कपडा त्या किरणांत निळसर चमकतो. ताईंनी स्वतःचा पांढरा ॲप्रन टेबलावर पसरला, दिवा लावला. ॲप्रन झगझगला. मग मध्ये काळा गॉगल धरला.

ॲप्रन तसाच चमकत राहिला. जरा मंद, पण चमकत राहिला.

"किरण जातायत आरपार," ताई म्हणाल्या. "नुसती काळी रंगवलेली काच आहे. आता हे बघा." त्यांनी टेबलाच्या खणातून एक पारदर्शक, बाजूंनी बंद असलेला प्लास्टिकचा चष्मा काढला. सातपूरच्या कारखान्यातला एक लेथवरचा कामगार डोळ्यात लोखंडाचा कण गेला म्हणून सकाळी आला होता. कण गेला कारण कंपनीनं दिलेला चष्मा डोळ्यांवर नव्हता, खिशात होता. ताईंनी त्याला झापून तो चष्मा तासाभरासाठी मागून घेतला होता. तो त्यांनी दिव्यासमोर धरला. साधा, पाण्यासारखा स्वच्छ, पलीकडचं सगळं दिसणारा... आणि ॲप्रनवर काळोख पडला. चष्म्याच्या आकाराचा चोख काळोख. पारदर्शक चष्मा किरण अडवत होता आणि काळा सोडत होता. उलट काळा जास्तच वाईट, कारण काळ्या काचेआड डोळ्याला सावली वाटते, बाहुली मोठी होते, माणूस डोळे किलकिले करायचा थांबतो आणि किरणांना दार सताड उघडं मिळतं. हे सगळं मी माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलं. मी आणि निर्मलाताई, दोघंच होतो त्या खोलीत. आज हे छापून येतंय तर नीट छापून येऊ दे, म्हणून पुन्हा सांगतो. मी पाहिलं.

ताई सरांकडे गेल्या. मीही बरोबर गेलो, हे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कारखान्यातला चष्मा? निर्मला, पाहुणे येणार, फोटोग्राफर येणार. पारदर्शक चष्मा घातलाय हे फोटोत कळणार कसं?" मला वाटलं ते थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते.

कार्यक्रम रुग्णालयाच्या अंगणात झाला. मांडव, सतरंज्या, गाड्यांतून आणलेल्या बायका रांगेत बसवलेल्या. त्यांच्या हातात गॉगल दिले गेले आणि फोटोसाठी घालायला सांगितले गेले. बायका एकमेकींकडे बघून लाजत हसत होत्या. मोठे सर भाषणाला उभे राहिले तेवढ्यात निर्मलाताई रांगेत शिरल्या आणि पहिल्या बाईच्या डोळ्यावरचा गॉगल काढून घेतला. मग दुसरीच्या. मग तिसरीच्या. सर माईकवरूनच म्हणाले, "निर्मला, काय चाललंय?" त्या सरळ व्यासपीठाजवळ गेल्या, आवाज चढवायची गरजच नव्हती, माईक चालू होता. "बायांनो, हे घालू नका. ह्यानं डोळे बिघडतील. आम्ही दिवा लावून तपासलंय." अंगणात कुजबुज झाली. देणगीदार मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. आणि मोठ्या सरांनी, त्यांची सगळी हुशारी तिथे दिसली, चिडण्याऐवजी हसून माझ्याकडे हात केला. "आमचे तरुण सर्जन इथे आहेत. त्या निबंधाचे सहलेखक. डॉक्टर, तुम्हीच सांगा, तुम्ही तज्ज्ञ आहात. हे गॉगल घातक आहेत?"

माईक माझ्या हातात आला. निर्मलाताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनंती नव्हती, काळजीही नव्हती. नुसती खात्री होती की हा माणूस आता जे पाहिलं ते सांगेल.

मी म्हणालो, "निर्मलाताईंची तळमळ आपण सगळेच जाणतो. पण या विषयावर अजून अभ्यास व्हायला हवा."

टाळ्या पडल्या. अभ्यास व्हायला हवा! अभ्यास झालेला होता. तो त्यांनी केला होता, लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरांत, बाई-बाईला विचारून. आणि त्याच्यावर माझं नाव होतं. बायकांनी गॉगल पुन्हा घातले, फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरात आला. मला अजूनही राग येतो तो सरांचा कमी. ते जसे होते तसेच वागले. राग येतो माझ्या त्या वाक्याचा, त्याच्या गुळगुळीतपणाचा. खोटं बोललो असतो तर निदान खोटं तरी झालं असतं. मी खोटंही बोललो नाही आणि खरंही बोललो नाही... शिकलेल्या माणसाला हे फार चांगलं जमतं.

महिन्याभरात त्यांच्याकडून अंधाऱ्या खोलीची किल्ली काढून घेतली गेली. केसपेपरच्या खिडकीवर बसायचं, नाव, गाव, वय लिहायचं. तिथेही त्या "घरकाम" लिहायला तयार नव्हत्या, बायकांना खरं काम विचारून लिहायच्या. रांग लांबायची, तक्रारी व्हायच्या. शेवटी राजीनामा दिला. निरोपसमारंभ झाला नाही. मीच एकदा जाताना खिडकीत दुसरंच कोणी बसलेलं बघितलं आणि विचारलं, तेव्हा कळलं.

पुढची वर्षं त्यांनी देवऱ्यांच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढले. मीही रुग्णालय सोडलं, स्वतःचं क्लिनिक काढलं, गंगापूर रोडला, एसी, नवी यंत्रं. ताईंबद्दल देवरे सांगायचे ते ऐकायचो. दर रविवारी पहिल्या बसनं त्या सुरगाण्याकडे जायच्या. बरोबर नंबर तपासायची काचांची पेटी आणि एक पिशवी. पिशवीत कारखान्यांतले टाकून दिलेले पारदर्शक चष्मे. सातपूर-अंबडच्या कामगारांना सांगून त्यांनी ते जमवायला सुरुवात केली होती. चरे पडलेले, दांड्या तुटलेले. धुऊन, तुटक्या दांडीच्या जागी परकराची नाडी लावून त्या ते आवणीला जाणाऱ्या बायकांना द्यायच्या. आणि नवं रजिस्टर. हे कोणी सांगितलं म्हणून नाही, कुठल्या योजनेत बसतं म्हणून नाही.

आमची शेवटची नीट भेट तीन वर्षांपूर्वीची. त्या अचानक क्लिनिकमध्ये आल्या, त्यांच्या पाड्यावरच्या एका म्हातारीला घेऊन. तिला मोतीबिंदू होता आणि त्याच डोळ्यावर मांसही. मी गडबडलो, खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांनी चहा घेतला नाही. "ऑपरेशन तुम्हीच करा. तुमचा हात चांगला आहे," म्हणाल्या, आणि थांबून, "तोंडाबद्दल मी बोलत नाही."

माझ्या नव्या यंत्रानं एका क्षणात माप दिलं, कागद बाहेर आला. ताईंनी तो वाचला आणि परत माझ्या हातात ठेवला. "मांस ओढतंय, तोवर हे माप खोटं आहे. आधी ते काढा. डोळा शांत होऊ द्या. मग पुन्हा मोजा, मग भिंग." बरोबर होतं ते. मला माहीत असायला हवं होतं, आणि घाईत मी ते विसरणार होतो. आम्ही तसंच केलं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा आकडा बराच बदललेला होता. म्हातारीची पट्टी उघडली त्या सकाळी ती ताईंच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "निर्मला, तुझे केस पिकले गं!" ताई म्हणाल्या, "कधीचेच. तुला आत्ता दिसले."

जाताना मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो आणि म्हणालो जे इतकी वर्षं म्हणायचं होतं. ताई, त्या दिवशी मी चुकलो, मला माफ करा. त्यांनी चप्पल घालता घालता वर बघितलं. "डॉक्टर, हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगायचं होतं." आणि म्हातारीचा हात धरून जिना उतरून गेल्या.

शोकसभेनंतर मला घरी बसवेना. जुलैच्या एका रविवारी मी त्यांच्या पाड्यावर गेलो. त्यांची धाकटी बहीण यमुना घरी नव्हती, आवणीला गेली होती. शेजाऱ्यांनी खाचर दाखवलं. पाऊस दोन दिवस उघडला होता आणि पातळ ढगांतून ऊन चटचटत होतं. खाचरात दहा-बारा बायका ओळीनं वाकून भाताची रोपं लावत होत्या आणि जवळजवळ प्रत्येकीच्या डोळ्यांवर तो पारदर्शक चष्मा होता, डोक्यामागे नाडीनं बांधलेला. मी बांधावर उभा राहिलो. यमुना चिखलातून वर आली. मी कोण ते सांगितलं आणि मग, तिनं विचारलं नसताना, अंगणातल्या त्या कार्यक्रमाचं सगळं सांगितलं. माईक, माझं वाक्य, टाळ्या. तिनं ऐकून घेतलं. हातातली रोपं एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"ते मला काय सांगता, दादा," ती म्हणाली. "त्यातली एक हाय इथं. सखूबाई. तिनं तो काळा चष्मा लय वर्सं वापरला. फोटोवाला चष्मा, डॉक्टरनं बरा म्हटला, म्हणून निर्मलाचं ऐकेना. तिला सांगा."

सखूबाई ओळीच्या टोकाला होती. यमुनानं हाक मारल्यावर ती सरळ झाली आणि माझ्या दिशेनं मान वळवून बघू लागली, पण तिची नजर माझ्या बाजूनं निघून गेली. मी बूट काढले, पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि खाचरात उतरलो. जवळ गेलो तेव्हा दिसलं, दोन्ही डोळ्यांवर मांस पार बाहुलीपर्यंत आलं होतं. "कोण हाय?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. कोण आहे, आणि काय केलं होतं. तिनं तोंड जवळ आणलं आणि मला नीट बघायचा प्रयत्न केला. मागून यमुनाचा आवाज आला. "आता पुढच्या रविवारी हिला मी घिऊन येते. निर्मला हिचं मांस काढायचं म्हणत होती, तारीख बी लिहून ठेवली होती वहीत. माप नीट घ्या. तीनदा घ्या."

पुढच्या रविवारी त्या दोघी आल्या. मी तीनदा माप घेतलं. आकडे जुळले नाहीत, म्हणून चौथ्यांदा घेतलं.